हिप्परग्यावर वासाचं रबरी आमिष का चालेना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी लसणाच्या वासाचे तीन इंची रबरी किडे घेतले आणि वरून मारायचा वासाचा स्प्रेही घेतला. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या भरावावरून तीन रविवार, सकाळी नऊपासून दुपारपर्यंत गळ टाकला. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, 0.40 मि.मी., गळ 2/0 नंबरचा, रीळ सावकाश पण न थांबता गुंडाळलं. एकही मासा लागला नाही. शेजारी बांबूच्या काठीला कणकेचा गोळा लावून बसलेला माणूस मात्र पिशवीभर चिलापी (तिलापिया मासे) घेऊन जातो. मग वासाचं आमिष ही दुकानदाराची थाप आहे का, आणि उरलेली बाटली फेकून द्यायची का?

थाप नाही. पण वासाकडून तुम्ही जे काम मागताय ते त्याचं नाही. तुमचा समज असा दिसतो की वास पाण्यात पसरेल, लांबचा मासा शोधत येईल आणि आमिष गिळेल. बहुतेक वेळा घडतं ते वेगळंच. मासा आधी आमिष बघतो किंवा त्याची हालचाल त्याला जाणवते, मग तो जवळ येऊन तोंडात घेतो. नुसतं रबर असेल तर क्षणात थुंकतो. चवीचं असेल तर दोन-चार सेकंद जास्त धरतो. त्या दोन-चार सेकंदांत तुम्ही हिसका द्यायचा. चांगल्या वासाच्या आमिषाची बहुतेक किंमत तेवढीच आहे. मासा तोंडच लावत नसेल, तर अख्खी बाटली ओतली तरी उपयोग नाही. तुमच्या बाबतीत मासा तोंड लावत नाहीये, आणि त्याची कारणं वासात नाहीत.

तरी वासाचं गणित आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. माशाची नाकपुडी श्वासासाठी नसते. तिच्यातून पाणी आत-बाहेर जातं आणि आतल्या पडद्याला पाण्यात विरघळलेले पदार्थ कळतात. चव घेणाऱ्या कळ्या तोंडात, ओठांवर आणि मिशा असलेल्या जातींत मिशांवरही असतात. शिंगाड्यासारख्या बिनखवल्याच्या माशांत तर त्या अंगभर पसरलेल्या असतात. या सगळ्याला लागू पडतात ते मुख्यतः पाण्यात विरघळणारे पदार्थ, म्हणजे ॲलानिन, आर्जिनिन, प्रोलिन यांसारखी अमिनो आम्लं, बेटेन आणि मीठ. तेल पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यापेक्षा हलकं असल्याने थेंब होऊन वर येतं. आपल्याला लसणाचा किंवा बडीशेपेचा वास नाकात बसण्याइतका येतो, म्हणून माशालाही तो तसाच येत असेल असं आपण धरून चालतो. तो वास बराचसा हवेत उडून आपल्यापर्यंत आलेला असतो. मासा काही हवेत नाक काढून बसलेला नाही.

दुसरी गोष्ट पसरण्याची. पाणी अगदी स्थिर असेल तर विरघळलेला अमिनो आम्लाचा कण नुसत्या आपल्या आपण पसरण्याने एक सेंटीमीटर जायला बारा तासांहून जास्त घेतो. एक सेंटीमीटर! म्हणजे वास पुढे नेतं ते पाण्याचं वाहणं. नदीत प्रवाह नेतो, तलावात वारा नेतो. वारा वरचं पाणी आपल्या दिशेने ढकलतो आणि ते पाणी पलीकडच्या काठाला आपटून तळाने उलटं येतं. त्यामुळे वरच्या थरात ठेवलेल्या आमिषाचा वास वाऱ्याबरोबर जातो, तर खोल पाण्यात तळाशी ठेवलेल्याचा बऱ्याचदा वाऱ्याच्या उलट. पावसाळ्यात सोलापूरला वारा पश्चिमेकडून असतो. तेव्हा पूर्वेच्या काठावर वारा तोंडावर घेऊन बसलेल्याच्या पायाशी लाटांनी आणलेलं खाद्य गोळा होतं आणि मागोमाग मासेही येतात. बसायला त्रास, छत्री उडते, पण जागा तीच चांगली. हिप्परग्याच्या भरावाच्या आडोशाला, पाणी आरशासारखं असताना बसलात तर बाटलीतला वास आमिषाच्या भोवतीच राहतो.

आता तुमच्या मांडणीकडे येऊ. तुमच्या आजूबाजूला निघतेय ती चिलापी. तिचं तोंड लहान. पाव किलोच्या चिलापीला तीन इंची किडा आणि 2/0 गळ म्हणजे लहान पोराच्या तोंडात अख्खी भाकरी. ती शेपटीला टोचे मारते, वरच्या तंगूसाला काही कळत नाही आणि तुम्हाला वाटतं मासाच नाही. शिवाय चिलापीचं मुख्य खाणं शेवाळ, पाण्यातला गाळ-कुजका पाला आणि बारीक किडे. पळत्या भक्ष्यामागे लागायचा तिचा स्वभाव नाही. तुम्ही रीळ सतत गुंडाळता तेव्हा ज्या वासाने तिला दोन सेकंद धरून ठेवायचं, तो वास तिच्यासमोरून निघून गेलेला असतो. कणीकवाल्याचा गोळा जागेवर बसलेला असतो, तोंडात मावतो आणि विरघळत राहतो. त्याच्या यशाचं रहस्य या तीन गोष्टींत आहे, कणकेत नाही.

रबरी आमिषानेच चिलापी काढायची असेल तर सगळं लहान करा. एक ते दीड इंचाचा रबरी किडा किंवा अळी घ्या, अंगावर वळ्या असलेली, कारण वळ्यांत लेप टिकतो. शिशाचं डोकं असलेला छोटा गळ, ज्याला दुकानात जिग हेड म्हणतात, तो दीड ते दोन ग्रॅमचा, गळ 8 किंवा 10 नंबरचा. गळाच्या नंबरात आकडा वाढला की गळ बारीक होतो, पण 1/0, 2/0 असं लिहिलं की उलटं होतं, हे नवीन माणूस हमखास विसरतो. तंगूस 0.18 ते 0.20 मि.मी. पुरतो. 0.40 चा जाड तंगूस दोन ग्रॅमचं वजन फेकूच देत नाही आणि आमिष पाण्यात काठीसारखं ताठ धरतो. वर पेन्सिलीसारखं बारीक बूच लावा. आमिष तळापासून वीतभर वर राहील अशी खोली ठेवा. फेकल्यावर आमिष खाली जाऊ द्या, दहा सेकंद काही करू नका. मग वीतभर ओढा, पुन्हा सात-आठ सेकंद थांबा. टोचा थांबलेल्या वेळातच येतो. बूच बुडायची वाट बघू नका, ते आडवं सरकलं किंवा उगीचच थोडं वर उचललं गेलं तरी मनगटाने हलका हिसका द्या. चिलापीचे ओठ पातळ असतात, जोराने मारलात तर ओठ फाटून मासा जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. उथळ पाण्यात तळाला ताटासारखे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीच्या नरांची घरटी. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे तिला वासाचं काही देणंघेणं नसतं. नर मात्र घरट्यावर येईल त्या वस्तूला रागाने तोंड मारतो. तिथे बिनवासाचं आमिषही चालतं. अशा जागेवर दहा मासे काढून कुणी “माझा वास भारी” म्हणत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मिशावाल्या माशांची गोष्ट निराळी. शिंगाडा आणि त्याच्या भाऊबंदांना वासाच्या आमिषाने खरोखर मिळवता येतं, कारण हे अंधारात आणि गढूळ पाण्यात चवीने चालणारे मासे. उजनी धरणाच्या फुगवट्यात उन्हाळ्याकडे पाणी हिरवं, दाट होतं. हातभर खालचं दिसत नाही. भीमेला आणि सीनेला पहिला लाल पूर येतो तेव्हाही तेच. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी झाला की वासाचं वजन वाढतं. मांडणी तळाची: 15 ते 20 ग्रॅमचं भोकाचं शिसं तंगूसावर सरकतं ठेवा, खाली फिरकी, म्हणजे गोल फिरणारी कडी, फिरकीपासून 30 ते 40 सें.मी. पुढचा दोरा आणि 1 किंवा 1/0 नंबरचा गळ. मुख्य तंगूस 0.30 ते 0.35 मि.मी. शिसं सरकतं असल्याने मासा आमिष घेऊन निघाला की त्याला वजन लागत नाही आणि तो सोडत नाही. इथे दोन-अडीच इंचाचं मऊ आमिष चालतं, पण ते हलवू नका. वीस ते पंचवीस मिनिटांनी ओढून घ्या, नवा लेप लावा आणि त्याच जागी टाका. त्याच जागी हे महत्त्वाचं, कारण खाली एक वासाचा पट्टा तयार झालेला असतो. प्रत्येक फेक वेगळ्या दिशेला केली तर दर वेळी तो पट्टा शून्यापासून सुरू होतो. संध्याकाळ ते रात्री नऊ-दहा ही वेळ बरी. काढताना छातीकडच्या आणि पाठीवरच्या काट्यांपासून हात जपा, फटका चांगलाच दुखतो.

कटला, रोहू, मृगळ आणि सिप्रिनस (कॉमन कार्प) यांना रबरी किड्याने काढायच्या भानगडीत पडू नका. कटला वरच्या थरात पाणी गाळून सूक्ष्म जीव खातो. सिप्रिनस तळातला चिखल तोंडात घेतो, टाळूवरच्या मांसल भागाने खाण्यासारखं वेगळं करतो आणि बाकीचं थुंकतो. ज्या माशाचा धंदाच थुंकण्याचा, त्याच्या तोंडात रबर किती वेळ राहणार? इथे वासाचं आमिष म्हणजे वासाची कणीक किंवा गोळी. फार तर त्याबरोबर रबरी मक्याचा दाणा. दाणा गळाला टोचू नका. गळाच्या मागच्या बाजूला एक सेंटीमीटरचा केसासारखा बारीक दोरा बांधून त्यावर दाणा ओवा आणि शिशाभोवती कणकेचा लिंबाएवढा गोळा दाबा. मासा गोळा फोडतो, दाणा ओढतो, थुंकायला जातो तेव्हा मोकळा गळ ओठात बसतो.

कणकेचं प्रमाण विचारलं जातंच, म्हणून देऊन टाकतो. गव्हाचं पीठ दोन वाट्या, शेंगदाण्याची पेंड कुटून एक वाटी, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ अर्धी वाटी, गूळ सुपारीएवढा पाण्यात विरघळवून, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, हिंग हरभऱ्याच्या दाण्याएवढा. लसूण आयत्या वेळी ठेचायचा. त्याचा उग्रपणा ठेचल्यावर तयार होतो आणि मग हळूहळू उतरतो. पेंडेतलं तेल जास्त असेल तर गोळा फुटतो, मग मुठीने थोडं गव्हाचं पीठ वाढवा. मळून अर्धा तास ओल्या फडक्यात ठेवा. गोळा बादलीतल्या पाण्यात टाकून बघा: दहा मिनिटांत कडा सुटायला लागल्या आणि पंचवीस मिनिटांत पसरला तर बरोबर. तासभर दगडासारखा राहिला तर वास आतच अडकला. आणि शेंगा मिळतात म्हणून सोलापुरी शेंगाचटणी मिसळणारे लोकही आहेत. ती भाकरीबरोबरच बरी.

मरळ. तो डोळ्याने आणि पाण्यातल्या हलक्या लहरींनी शिकार करतो. वासावर फार पैसे घालू नका. कमळाच्या पानांवरून पोकळ रबरी बेडूक ओढा, मरळ झेप घेतो. वासाचा उपयोग एवढाच की पहिल्या झेपेत चुकला आणि बेडूक पुन्हा त्याच्या तोंडासमोर आला तर दुसऱ्यांदा तोंडात घेतल्यावर तो लवकर सोडत नाही. त्यासाठी बेडकाच्या पोकळीत स्पंजचा तुकडा घालून त्यावर लेप टाकतात. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा गोळा तरंगताना दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. तिथे गळ टाकू नका, त्यांना काढलं की पिलांना बाकीचे मासे संपवतात.

वाम गांडुळावरच घ्या. रबराने वेळ जाईल.

आता प्रत्यक्ष आमिषाच्या पदार्थाबद्दल, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. तुमच्याकडचा रबरी किडा बहुधा पीव्हीसीचा आहे. त्यात प्लास्टिक मऊ ठेवणारं तेल असतं. त्यामुळे तो तेलकट वास आत ओढतो, पण पाणी ओढत नाही. पाण्यात विरघळणारा वास त्यावर नुसता चोपडला तर दोन-तीन फेकींत धुऊन जातो. दुसऱ्या प्रकारचं आमिष पाणी धरणारं, जेलीसारखं असतं. ते आतून वास सोडत राहतं, म्हणून थांबवून मासा धरायच्या कामाला सरस. त्याचे दोष मात्र आहेत: उघडं राहिलं तर उन्हात तासाभरात वाळून गळावर लाकडासारखं बसतं, मग सुरीने खरवडून काढावं लागतं. ते डबीतल्या पाण्यातच ठेवायचं, डबीचं झाकण घट्ट हवं, आणि डबी जमिनीवर ठेवली तर सोलापूरच्या मुंग्या दहा मिनिटांत हजर. तिसरा प्रकार खूप ताणणारा, पाण्यावर तरंगणारा रबराचा. तो आणि पीव्हीसीचा किडा एका डबीत ठेवले तर दोन्ही वितळून चिकट लगदा होतो. काही पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डब्याही पीव्हीसीच्या किड्याने मऊ पडतात. म्हणून आमिष ज्या पिशवीत विकत मिळालं त्याच पिशवीत ठेवणं शहाणपणाचं.

तुमच्या पीव्हीसीच्या किड्यांवर वास टिकवायचा तर दोन उपाय. पहिला, चिकटणारा लेप. 50 ग्रॅम सुकट मिक्सरला भरड करा. सुकट का, तर झिंग्याच्या जातीच्या जीवांत मघाशी सांगितलेली अमिनो आम्लं आणि बेटेन भरपूर असतं, आणि सुकट बाजारात सहज मिळते. ती 150 मि.लि. कोमट पाण्यात तासभर भिजवा, उकळू नका. जुन्या सुती कापडातून पिळून घ्या, सुमारे 100 मि.लि. पाणी मिळेल. त्यात चहाचा एक चमचा मीठ. दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून मिसळा आणि मंद आचेवर कढीसारखं दाट होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर औषधांच्या दुकानात मिळणारं 50 मि.लि. ग्लिसरीन घाला. ग्लिसरीन पाण्यात मिसळतं, लेप वाळू देत नाही आणि हळूहळू सुटतं. व्हॅसलीन वापरू नका. ते चिकटतं खरं, पण आतला पाण्याचा वास बाहेर पडूच देत नाही. लेप फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. जास्त करायचा तर बर्फाच्या खणांत गोठवा आणि जाताना दोन-तीन वड्या घेऊन जा. डबीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर घरात कुणीतरी झाकण उघडेल आणि पुढचा रविवार भांडणात जाईल.

दुसरा उपाय सोलापूरकरांना फुकट आहे. टॉवेलच्या कापडावर जे उभे फासे असतात ते ओल धरून ठेवण्यासाठीच असतात. फाटक्या टॉवेलची अर्धा सें.मी. रुंद आणि दोन सें.मी. लांब पट्टी कापा, लेपात अर्धा तास भिजवा आणि गळाच्या वाकणात रबरी किड्याच्या मागे टोचा. पट्टी पाण्यात थरथरते, वास रबरापेक्षा कितीतरी जास्त वेळ सोडते आणि माशाच्या दातांत थोडी अडकते, त्यामुळे थुंकायला उशीर होतो. नवा टॉवेल असेल तर आधी दोनदा साध्या पाण्यात उकळून त्याची खळ आणि साबण काढून टाका. 8 नंबरच्या गळाला पट्टी निम्म्या मापाची करा, नाहीतर गळाचं टोकच झाकलं जाईल.

किती लावायचं? हातात धरल्यावर लेप दिसेल पण थेंब पडणार नाही इतकं. जास्त लावल्याने जास्त मासे येत नाहीत. उलट बारीक पोरं-मासे गोळा होतात आणि मोठा येण्याआधी आमिष कुरतडून टाकतात. ओढत असाल तर पंधरा-वीस फेकींनंतर, बुचाखाली असेल तर पंधरा मिनिटांनी पुन्हा लावा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पाणी गार असताना लेप हळू सुटतो आणि मासाही हळू चालतो. तेव्हा थांबण्याचा वेळ दुप्पट करा, लेप दुप्पट करू नका. उन्हाळ्यात चाळीस-बेचाळीस अंशांत गाडीच्या डिकीत ठेवलेले किडे वाकडे होतात, एकमेकांचा रंग धरतात आणि त्यातलं तेल पिशवीत उतरतं. वाकडा झालेला किडा पाण्यात गरगर फिरतो आणि तंगूसाला पीळ पडतो. तो उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सरळ करून गार पाण्यात धरला तर पुन्हा चालतो.

चांगल्या वासाइतकंच महत्त्वाचं म्हणजे वाईट वास न लावणं. तंबाखू-चुना मळलेल्या हाताने आमिष धरणं हा आपल्याकडचा सर्रास चालणारा दोष. पेट्रोल, साबण, उन्हाचं मलम हे तसेच. डास पळवायच्या काही मलमांत जे डीट नावाचं रसायन असतं ते तर काही रबर आणि प्लास्टिक खरोखर खातं. काठावर पोहोचलात की आधी हात त्याच तलावातल्या पाण्याने आणि तिथल्याच मातीने चोळून धुवा. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. 1938 साली कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने दाखवलं की काही माशांची कातडी जखमी झाली की तिच्यातून एक पदार्थ सुटतो आणि त्याच जातीचे बाकीचे मासे घाबरून पळतात. रोहू-सिप्रिनसच्या कुळात आणि शिंगाड्याच्या कुळात हा प्रकार असतो. म्हणून गळाने खरचटलेला, खवले उडालेला मासा हातात धरल्यावर त्याच हाताने लगेच आमिष मळू नका, आणि मासे साफ करायचं काम तुमच्या गळाजवळच्या पाण्यात तर मुळीच नको.

वासाचा एक तोटाही आहे. मासा आमिष जास्त वेळ धरतो म्हणजे खोल गिळतोही. लहान मासा सोडायचा असेल तर गळ घशात गेलेला असतो. म्हणून वासाच्या आमिषाला गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका आणि हिसका लवकर द्या. घशात गेलाच तर ओढाओढ करू नका, दोरा तोंडाजवळ कापा. तुटलेले रबरी किडे काठावर फेकू नका. वास असलेलं रबर मासाही गिळतो आणि पक्षीही गिळतो, आणि ते पोटात विरघळत नाही. उजनीकाठी हिवाळ्यात किती पक्षी उतरतात ते तुम्हाला सांगायला नको. ठेका दिलेल्या तलावात संस्थेची किंवा ठेकेदाराची परवानगी आधी घ्या, आणि देवळाभोवतीच्या सिद्धेश्वर तलावात गळ टाकायचा विचार मनातही आणू नका.

वास खरंच काम करतोय का हे स्वतःच तपासता येतं. अंदाजावर जाऊ नका, कारण चांगला दिवस असेल तर सगळंच भारी वाटतं. एकाच रंगाचे, एकाच मापाचे दोन किडे घ्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. एक साधा, एक लेप लावलेला. एकाच जागेवर वीस फेकी साध्याने, मग वीस लेपाच्या, मग पुन्हा वीस साध्याने आणि वीस लेपाच्या. साधा लावण्याआधी हात धुवायचे, नाहीतर तोही वासाचा होतो. वहीत दोन आकडे लिहा: किती टोचे आले आणि किती मासे बसले. तीन दिवस असं केल्यावर बघा. टोचे सारखेच पण बसलेले मासे लेपाच्या बाजूला जास्त असतील, तर वास आपलं काम करतोय. दोन्हीकडे टोचेच नसतील, तर जागा, खोली, माप किंवा वेळ चुकतेय. तुमच्या बाबतीत वेळही थोडी चुकतेच आहे. सकाळी नऊला ऊन चढलेलं असतं. उजाडताना दोन तास आणि सूर्य कलल्यावर दोन तास द्या.

तेव्हा क्रम असा धरा. येत्या रविवारी आधी गळ, तंगूस आणि आमिष लहान करा, गुंडाळणं थांबवा, वाऱ्याची बाजू बघून बसा. यात वासाला हातही लावू नका. टोचे यायला लागले की त्याच्या पुढच्या रविवारी टॉवेलची पट्टी आणि लेप. सगळं एकदम बदललं तर नेमकं काय कामाला आलं ते कधीच कळणार नाही.

राहिली बाटली. तुमचा स्प्रे तेलाचा आहे की पाण्याचा ते आधी बघा: ग्लासभर पाण्यात दोन फवारे मारा. वर तवंग आला तर तेलाचा. तेलाचा असेल तर तीन इंची किडे पिशवीत घालून त्यावर चार-पाच फवारे मारा, पिशवी चोळा आणि दिवसभर ठेवा. ते किडे हिप्परग्यावर नको, उजनीला शिंगाड्यासाठी तळाच्या मांडणीला ठेवा. पाण्याचा निघाला तर कणीक मळायच्या पाण्यात त्याचाच एक चमचा घाला. आंबट, खवट वास येत असेल तर मात्र खुशाल टाकून द्या. बाटली धुऊन ठेवा, तिच्यातूनच सुकटचा लेप थोडा पातळ करून मारता येतो. नोझल तुंबलं तर गरम पाण्यात बुडवा.